पाण्याखालचं माहेर



आपल्या तालुक्याचं नाव आंबेगाव, पण तहसील कचेरी घोडेगावात. मग आंबेगाव कुठंय, असं नवीन माणूस विचारतं. घोड नदीवर डिंभ्याला धरण झालं आणि ज्या गावानं तालुक्याला नाव दिलं, तेच गाव पाण्याखाली गेलं. तिथं आणि शेजारच्या बुडालेल्या वाड्यांत आम्ही लहानाच्या मोठ्या झालो. आज त्या दिवसांबद्दल बोलू आणि शेवटी एक कामही सांगू.

आमचं गाव छोटंसं, पण डोंगरातल्या लोकांना तीच बाजारपेठ. उन्हाळ्यात बाजाराला महादेव कोळी बाया डोक्यावर हिरड्याची पाटी घेऊन उतरायच्या. बाळहिरडा विकायचा आणि मीठ-मिरची, एखादा खण घेऊन अंधार पडायच्या आत घाट चढायचा. आम्ही पोरी त्यांच्या पाट्यांभोवती घुटमळायचो. पळसाच्या पानात बांधलेली करवंदं हाती पडली की आमचा बाजार झाला!

नदीवर धुणं न्यायचं म्हणजे गावाची खबर घ्यायची. कोणाची लेक सासरी कशी नांदते, कोणाच्या घरातले दाणे संपले, सगळं तिथंच कळायचं. संध्याकाळी कोणीतरी पदराआड शेरभर नाचणी पोचवून यायचं. पुन्हा त्या गोष्टीचा उच्चार नाही.

पावसात भाताची आवणी. डोक्यावर इरलं, पोटऱ्यांपर्यंत चिखल आणि तोंडी गाणी. एकीचं खाचर झालं की सगळ्या दुसरीच्या खाचरात. पैसा द्यायचा नाही, घ्यायचा नाही. त्याला आम्ही सावड म्हणायचो. आज बचत गटात एकीच्या अडीला दुसरी उभी राहते, तेव्हा आम्हाला ती सावडच आठवते.

धरणाच्या वेळी जमीन, घरं, झाडं कागदावर मोजली गेली. मोबदला खातेदाराला. सातबाऱ्यावर बाईचं नाव क्वचित, मग सासरी गेलेल्या लेकीला कोण विचारणार? आमच्या वाट्याला आठवणीच आल्या.

पाणी कामी आलं, हे खरंच. डाव्या कालव्यानं ते जुन्नरच्या येडगाव धरणात जातं. कुकडी प्रकल्पाचं पाणी पुढे पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत पोचतं. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे. ते आपल्याच महाळुंगे पडवळचे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाचा ट्रक अडवताना त्यांनी प्राण दिला. त्यांचं नाव राहिलं, याचा अभिमान आहे. पण त्या पाण्याखालच्या पाणवठ्यांची, खाचरांची, पायवाटांची नावं? ती फक्त म्हाताऱ्या बायांना ठाऊक आहेत. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जुने दगड वर येतात. नातवंडं विचारतात, हे काय होतं? सांगणारी एकेक कमी होते आहे.

म्हणून आता काम सांगतो. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, हिशोब लिहून झाला की जमिनीवर रांगोळीनं आपल्या माहेरचा नकाशा काढा. आधी नदी, मग विहीर, देऊळ, वाटा, घरं. वयानं मोठ्या असतील त्यांनी सांगायचं आणि शाळेत जाणाऱ्या मुलीनं वहीत उतरवून घ्यायचं. घरावर नाव लिहाल तेव्हा घरधनिणीचंही लिहा.

ज्यांचं माहेर जमिनीवर आहे त्यांनीही काढा. विहिरी बुजतात, चिंचा तोडल्या जातात, गाव न बुडताही हरवतं. नकाशा झाला की वही गटाच्या दप्तरात ठेवा. कर्जाच्या नोंदींइतकीच ती जपा.