आधी पाय मोज
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मघाशी माझी ओळख 'कीटकशास्त्रज्ञ' अशी करून दिली, तेव्हा मागून कुणीतरी 'किडेवाला' म्हणालं. तेच बरोबर आहे. नववीत मी काडेपेटीत कोळी भरून आणला होता आणि किडा म्हणून सगळ्यांना दाखवत होतो. बाईंनी रागावायचं सोडून पाय मोजायला लावले. आठ भरले. "मग हा कीटक नाही. आधी पाय मोज, मग नाव सांग," एवढंच त्या म्हणाल्या. पुढे नोकरीभर मी पगार घेऊन तेच केलं. एकदा केलं नाही, ती गोष्ट आज सांगतो. ज्याच्या रानात ती घडली तो समोरच बसलाय.

२००२ साली सांगली भागात उसावर लोकरी मावा आला, हे तुमच्यातल्या शेतकऱ्यांना आठवत असेल. पानाखाली पिंजलेल्या कापसासारखा पांढरा थर, खाली टपकणारा चिकटा आणि त्यावर वाढलेली काळी बुरशी. या माव्याच्या माद्या नराशिवायच पिल्लं देतात, त्यामुळे बघता बघता फड भरतो. त्यात वाढलेल्या उसात पंप घेऊन शिरायचं म्हणजे पानांनी अंग कापून निघतं.

पुढच्या हंगामात मी या मित्राच्या रानात गेलो. माव्यात जाळी करून बसलेल्या अळ्या दिसल्या. अळी म्हणजे पान खाणारी, हे डोक्यात इतकं पक्कं की बांधावरूनच सांगितलं, "नवीन कीड दिसतेय, फवारून घे." चार अळ्या मावा असलेल्या पानासकट डबीत घातल्या, डबी टेबलावर ठेवली आणि बैठकीला निघून गेलो.

परत येऊन डबी उघडली. पान शाबूत होतं, मावा गायब! ती डिफा होती. पतंगाचीच अळी, पण पान सोडून मावा खाणारी. तोवर यानं उसने पैसे काढून फवारणी उरकली होती. डिफा मेली, पानाआड राहिलेला मावा पुन्हा फोफावला.

सांगायला गेलो तेव्हा पाय जड झाले होते. त्यानं आधी चहा दिला. मग म्हणाला, "आता काय करायचं ते सांग." दुसऱ्या एका फडातून डिफाचे कोष असलेली पानं आणून आम्ही दोघांनी त्याच्या उसाला बांधली. फवारणी बंद ठेवली. डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांनी पुढे बऱ्याच ठिकाणी मावा आटोक्यात ठेवला. त्याचं त्या वर्षीचं नुकसान मात्र भरून निघालं नाही. तो कधी बोलला नाही, म्हणून मी बोलतोय.

२०१८ मध्ये मक्यावर अमेरिकन लष्करी अळी आली, तेव्हा मी बांधावरून काही बोललो नाही. गुडघ्यावर बसून डोक्यावरचा उलटा इंग्रजी 'वाय' आणि शेपटीकडचे चौकोनात बसलेले चार काळे ठिपके पाहिले, मगच नाव घेतलं. आपल्याकडे 'लष्करी' नावाच्या अळ्या एकीपेक्षा जास्त आहेत, हाही एक तापच.

आता आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज कुणीतरी लांबून काढलेला फोटो टाकून "कोणतं औषध मारू?" विचारतं. पान उलटं करून जवळून फोटो काढा. अळीचं डोकं आणि शेपटी दोन्ही दिसू द्या. आणि उत्तराला दोन दिवस लागले तर शिव्या घाला, पण तोवर पंप भरू नका.