आकडीचे कारण शोधणारा डॉक्टर



तान्ह्या मुलाला आकडी आली, की कांदा हुंगवायचा, बाहेरची बाधा म्हणायचे, हे सोलापुरात आपण पाहिले आहे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील बालमेंदूविकारतज्ज्ञ डॉ. व्रजेश उदानी यांनी वर्षानुवर्षे या आजाराची कारणे शोधली. २००९ साली सहकाऱ्यांसह त्यांनी दाखवून दिले, की जन्मल्यावर बाळाच्या रक्तातील साखर फार उतरली तर मेंदूला इजा होते. तान्हेपणी सुरू होणाऱ्या अपस्माराचे हे एक मोठे कारण आहे.

म्हणून मातांनो, चिकाचे दूध पिळून टाकू नका. पहिल्या तासातच बाळाला अंगावर घ्या. बाळ दूध ओढत नसेल, सुस्त पडले असेल, तर लगेच सिव्हिलला नेऊन साखर तपासून घ्या.

विद्यार्थ्यांनो, बाधा म्हणून न थांबता कारण शोधणारा डॉक्टर तुमच्यातूनही घडावा.