जुने वस्त्र आणि संसाराची घडी

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात अंबाजोगाई येथे महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



आज सकाळपासून येथे शिक्षण, वसतिगृह, विवाहातील खर्च अशा मोठ्या प्रश्नांचा विचार झाला. त्यांच्यापुढे आमचा विषय तुम्हांस क्षुल्लक वाटेल. आम्ही बोलणार आहोत ते घरातील जुनी लुगडी, विरलेली धोतरे आणि मुलांना तोकडे झालेले सदरे यांविषयी. तथापि ज्या गावी आपण जमलो आहोत, त्या गावाने एका वस्त्राचा मान चार शतके राखला आहे. दासोपंतांनी (१५५१–१६१५) आपले ‘पंचीकरण’ सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा पासोडीवर लिहिले. पासोडी म्हणजे थंडीत अंगावर ओढावयाचे जाडेभरडे पांघरूण. शेजारच्या गंगाखेडच्या जनाबाईंची कथाही आपणां सर्वांस ठाऊक आहे. विठ्ठल आपला शेला तिच्या घरी विसरला आणि तिची वाकळ पांघरून राउळात परतला, असे आपण मुलांना भक्तीने सांगतो. जी वाकळ देवाने पांघरली, ती पाहुणे येताच आपण माळ्यावर का लपवितो, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

१९७२ च्या दुष्काळात आमची आई पाझर तलावाच्या कामावर माती वाहावयास जात असे. तान्ह्या भावाला ती लिंबाच्या झाडाला बांधलेल्या झोळीत निजवी. ती झोळी तिच्याच जुन्या लुगड्याची होती आणि डोक्यावरील पाटीखालची चुंबळ वडिलांच्या धोतराची. घरात नवे वस्त्र येण्याची आशा नव्हती. परंतु अंगावर फाटके घालून आम्ही कधी शाळेत गेलो नाही. फाटणे हा कापडाचा धर्म आहे, फाटके ठेवणे हा आपला आळस, असे ती म्हणे.

तिच्या हाती एका लुगड्याला किती जन्म मिळत, ते आठवले म्हणजे आजही नवल वाटते. लुगडे प्रथम मध्यभागी विरते. काठ आणि पदर धड राहतात. तेव्हा विरलेला भाग काढून उरलेले दोन तुकडे दंड घालून जोडावयाचे, की आणखी एक-दोन वर्षे ते नेसता येई. पुढे त्यातून मुलींचे परकर निघत. परकर जीर्ण झाला की घरी येणाऱ्या बाळाची दुपटी, टोपडी आणि लंगोट होत. कारण शेकडो वेळा धुतलेल्या सुती कापडाइतके मऊ कापड कोणत्याही दुकानात मिळत नाही. धोतराचे तलम तुकडे चक्का बांधावयास आणि तूप गाळावयास. त्यानंतर जे उरे ते गोधडीच्या पोटात जाई. अगदी शेवटच्या चिंधीचे पोतेरे होई. एका वस्त्राने तीन पिढ्यांची सेवा करावी आणि मगच मातीत मिळावे, अशी ही व्यवस्था होती.

ही रीत केवळ आपलीच आहे असेही नाही. बंगालातील कांथा, बिहारातील सुजनी आणि जपानातील ठिगळांची बोरो ही वस्त्रे याच गरजेतून जन्मली. आज ती मोठ्या शहरांत प्रदर्शनांत मांडली जातात, लोक ती आदराने पाहतात. आपली गोधडी मात्र आपल्यालाच दारिद्र्याची खूण वाटते.

आता थोडे व्यवहाराचे बोलू. आजच्या कपाटात सुती वस्त्रे थोडी आणि कृत्रिम धाग्याची अधिक असतात. म्हणून प्रथम निवड करावी. शिवणीतून एक धागा ओढून जपून जाळून पाहावा. सुती धागा कागद जळाल्यासारखा वास देऊन राख होतो. कृत्रिम धागा वितळून त्याचा कठीण मणी बनतो. असे वितळणारे कापड चुलीजवळ वा शेगडीजवळ कदापि वापरू नये, त्याची भांडी धरावयाची फडकीही करू नयेत. ते हाताला चिकटून भाजते. त्याच्या बाजाराच्या पिशव्या कराव्यात, किंवा लांब पट्ट्या कापून, त्यांची वेणी घालून पायपुसणी करावीत. बाळाच्या अंगाला लागेल ते सुतीच असावे.

ठिगळ भोकापुरते लावू नये. भोवतालच्या धड कापडापर्यंत पोहोचेल एवढे मोठे घ्यावे. सदऱ्याची कॉलर झिजली असेल तर ती उसवून उलटी लावावी, सदरा पुन्हा नव्यासारखा दिसतो. गोधडीसाठी सर्व तुकडे प्रथम उकळत्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत. वरचा पदर नव्या कापडाचा असेल तर तोही आधी भिजवावा; नाही तर पहिल्याच धुण्यात तो आटतो आणि गोधडी आकसते. धड कापड बाहेर, विरलेले आत. कडेपासून मध्याकडे धावदोरा घालीत यावे आणि दोरा सुती असावा. जुन्या कापडात नायलॉनचा बळकट दोरा घातला तर तो कापडच कापतो. दुबळ्याला सांभाळणारा त्याच्याहून कठोर असू नये, हे सुईच्या कामातही खरे आहे.

भगिनींनो, आम्ही हे सांगतो खरे. पण याच बाबतीत आमच्या हातून एक चूक घडली आहे. शहरात घर झाले, बरे दिवस आले. एके दुपारी दारावर बोहारीण आली. आईची दोन लुगडी आणि वडिलांचे एक धोतर देऊन आम्ही स्टीलचे पातेले घेतले. घासाघीस करून झाकणीही मिळविली, याचा तेव्हा अभिमान वाटला. आई त्या वेळी काही बोलली नाही. ती गेल्यावर नातीसाठी दुपटे शिवावयास आम्ही पेटी उघडली, तेव्हा तिच्या अंगचा एकही तुकडा घरात उरला नव्हता. पातेले अजून चकचकीत आहे. बोहारणीचा यात काही दोष नाही. ती बिचारी आपला धंदा करते. काय द्यावे आणि काय राखावे, हे आम्हांलाच कळले नाही.

आणखी एक विचार सांगावासा वाटतो. आपला जिल्हा पाण्यासाठी तळमळणारा. शेजारच्या लातूरला २०१६ साली रेल्वेने पाणी आणावे लागले. एका सुती सदऱ्यामागे, कापूस पिकविण्यापासून धरले तर, सुमारे २,७०० लिटर पाणी खर्च होते असा अंदाज आहे. जो सदरा आपण दोन वर्षे अधिक वापरतो, तो जणू आडात पाणी राखतो.

आणि घरात वापरूनही जे उरते त्याचे काय? दसरा-दिवाळीनंतर याच जिल्ह्यातील लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. उसाच्या पाचटाच्या कोपीत त्यांची लेकरे ऐन थंडीचे दिवस काढतात. त्यांना आपण कपडे देतो, पण कसे? गुंड्या तुटलेले, उसवलेले, कधी न धुतलेलेसुद्धा. हे दान नव्हे. आपली अडगळ दुसऱ्याच्या दारी लोटणे होय. देणे ते धुऊन, शिवून, घडी घालून द्यावे, आणि ती माणसे गाव सोडण्यापूर्वी द्यावे. पौषात दिलेल्या पांघरुणाने कार्तिकातली थंडी जात नाही.

म्हणून आमच्या मंडळास दोन नम्र सूचना आहेत. पहिली, प्रत्येक शाखेतील महिलांनी भाद्रपदात चार दुपारी एकत्र बसून गोधड्या शिवाव्यात आणि त्या दसऱ्यापूर्वी अशा कुटुंबांना पोहोचवाव्यात. दुसरी, लेकीच्या रुखवतात विकत आणलेल्या शोभेच्या वस्तूंशेजारी आजीच्या लुगड्याची एक गोधडी मांडावी, आणि ती झाकून नव्हे, सर्वांना दिसेल अशी मांडावी. सासरी गेलेल्या मुलीला पहिल्या थंडीत ती पांघरताना माहेरचा स्पर्श होईल. आणि आपल्या घरात काही वाया जात नाही, हे तिच्या सासरच्यांनाही कळेल.

घरी गेल्यावर आज एकदा पेटी उघडून पाहा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.