बारा सेकंदांसाठी प्रवास

वेगाचे आकर्षण मनुष्यास फार पुरातन काळापासून आहे. परंतु स्वतः वेगाने धावणारे नेहमीच थोडे आणि त्यांस पाहण्यासाठी कोसचे कोस तुडवणारे फार, असाच सर्व देशांचा अनुभव आहे. अमेरिकेत १९४८ साली ‘नासकार’ ही संस्था निघाली, ती सामान्य गृहस्थ ज्या मोटारी विकत घेऊन रोज वापरीत, तशाच मोटारींच्या शर्यती भरवण्याकरिता. फ्लॉरिडातील डेटोना येथे १९५८ पर्यंत या शर्यतींचा काही मार्ग समुद्रकाठच्या वाळूवरून आणि काही डांबरी रस्त्यावरून जात असे. १९५९ साली तेथे अडीच मैलांचा स्वतंत्र बांधीव मार्ग खुला झाला. शर्यतीकरिता मुद्दाम घडविलेल्या यंत्रापेक्षा आपल्या दारात उभे असते तसलेच वाहन धावताना पाहण्यात लोकांना अधिक गोडी वाटली, हे त्या खेळाच्या लोकप्रियतेचे आरंभीचे मर्म होय.

हेच मर्म महाराष्ट्रात बैलगाड्याच्या शर्यतीत आढळते. आणि मौज अशी की, या शर्यतीचा एक मोठा प्रेक्षकवर्ग जेथे औषधालाही बैल दिसत नाही, अशा मुंबईच्या उपनगरांत राहतो. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली येथील चाळींतून आणि इमारतींतून पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव, खेड आणि मावळ या तालुक्यांतील कितीतरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. मुंबईचे सुप्रसिद्ध डबेवाले बहुतांशी याच मुलखातले. महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास सुरू केलेला हा व्यवसाय ऊनपाऊस मानीत नाही. परंतु चैत्रात गावच्या यात्रेसाठी मात्र तो काही दिवस चक्क बंद राहतो. त्या आठवड्यात अंधेरी स्टेशनाबाहेर डब्यांची मांडामांड दिसत नाही, आणि कचेऱ्यांतील मंडळींस आपल्या जेवणाची तजवीज आपणच करावी लागते. डबेवाला त्या वेळी ग्रामदैवताच्या पालखीपुढे असतो, किंवा घाटावर उभा असतो.

‘घाट’ या शब्दाने शहरी श्रोत्यांचा गैरसमज होण्याचा संभव आहे. हा डोंगर ओलांडण्याचा घाट नव्हे. शर्यतीसाठी आखलेल्या, किंचित चढाच्या धावपट्टीस पुणे जिल्ह्यात घाट म्हणतात. तेथे अनेक गाडे एकाच वेळी धावत नाहीत. एकेक गाडा चार बैलांनिशी सुटतो, त्याच्या पुढे घोडी भरधाव दौडत असते, आणि या एका धावेस ‘बारी’ असे नाव आहे. प्रतिस्पर्धी दृष्टीस पडत नाही. सामना असतो तो घड्याळाशी. पूर्वी हातातील घड्याळावर सेकंद मोजीत. आता विद्युत्‌यंत्र सेकंदाचा शंभरावा हिस्साही दाखविते. चांगली बारी बारा सेकंदांच्या आतबाहेर आटोपते. धुरळा खाली बसतो, ध्वनिक्षेपकावर वेळ पुकारली जाते, टोप्या आणि फेटे हवेत उडतात. दिवसाअखेर ज्याची वेळ सर्वांत कमी, तो ‘घाटाचा राजा’.

सर्व महाराष्ट्रात मात्र एकच रीत नाही. विदर्भात या खेळास शंकरपट म्हणतात व तेथे दोन बैलांची हलकी छकडी धावते. सातारा-सांगलीकडे कित्येक गाड्या एकाच वेळी सुटतात आणि चपळ खिलार बैलांचा तेथे मोठा मान. रायगड जिल्ह्यात तर ओहोटीच्या वेळी समुद्रकाठच्या ओल्या वाळूवर गाड्या पळवितात, आणि डेटोनाचे स्मरण होते. माणसे सातासमुद्रांपलीकडची असली, तरी पळण्यास बरी जमीन कोणती, हे सर्वांस सारखेच कळते.

आता बारा सेकंदांच्या दृश्यासाठी मनुष्य इतका प्रवास का करतो? मुलुंडचा मनुष्य कल्याण, मुरबाड करीत माळशेज चढतो आणि ओतूरकडे उतरतो. बोरिवलीचा मनुष्य पनवेल, लोणावळा, तळेगाव, चाकण या मार्गाने राजगुरुनगर व मंचर गाठतो. पौष पौर्णिमेस थापलिंगच्या खंडोबाची यात्रा, पुढे चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा. खरा शौकीन एका घाटावर समाधान मानीत नाही. निव्वळ वेगच पाहावयाचा, तर उपनगरातील आगगाडीही बैलापेक्षा वेगाने धावते. परंतु आगगाडीत त्याला कोणी ओळखत नाही. घाटावर मात्र तो अमक्याचा नातू आणि तमक्याचा भाचा असतो. कोणत्या बैलाची आई कोणाच्या गोठ्यातली, याची चर्चा त्याला करता येते, आणि त्याच्या मतास किंमत असते. वर्षभर गर्दीतला एक असणारा मनुष्य दोन दिवस गावातला एक होतो. बारी हे निमित्त. प्रवास आहे तो या ओळखीकडे.

हे निमित्तच एकदा हिरावले गेले. बैल हा ओझे ओढणारा प्राणी असून शर्यतीच्या प्रदर्शनासाठी त्याची शरीररचना नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यतींस मनाई केली. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, तरी उच्च न्यायालयात ती अडली. या काळात पालख्या निघाल्या, तमाशाचे फड रंगले. घाट मात्र ओस पडले. कोठे कोठे चोरून शर्यती झाल्या, पण चोरून केलेल्या उत्सवास उत्सव कोण म्हणेल? शेतीचे काम ट्रॅक्टरने चालू लागल्यावर गोठ्यात बैल उरला तो शर्यतीच्या हौसेने, आणि तीही गेल्यावर त्यास पोसावे कोणी, असा मालकांचा सवाल होता.

परंतु दुसऱ्या बाजूचा सवालही तितकाच खरा होता. चाबूक, टोचणी, शेपटी पिरगाळणे, विजेचा झटका, हे प्रकार काल्पनिक नव्हते. बैलपोळ्यास ज्याची पूजा करावयाची, त्यासच यात्रेत रक्तबंबाळ करावयाचे, हा कोणता धर्म? प्राणिमित्रांनी हा प्रश्न न्यायालयात नेला, तो गावाने आधी स्वतःस विचारावयास हवा होता.

१६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने शर्यतींस सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने महाराष्ट्राचा दुरुस्त कायदा वैध ठरविला. त्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी हवी, बैलांची पशुवैद्याकडून तपासणी हवी, अंतर एक हजार मीटरपेक्षा अधिक नसावे, आणि काठी, चाबूक वा विजेचे साधन वापरता कामा नये. बैलास यातना देणारास पाच लाख रुपयांपर्यंत दंड अथवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

कायदा झाला; परंतु घाटावर हजारो माणसांच्या कल्लोळात मालकाच्या हातावर नजर ठेवणार कोण? अधिकारी एक, पशुवैद्य एक, प्रेक्षक असंख्य. काठी उगारणाऱ्या हातास टाळ्या मिळतात, तोवर ती उगारली जाणार. त्या टाळ्या थांबल्या, म्हणजे तीही खाली येईल. उपनगरातून इतका पल्ला गाठून जाणाऱ्या सुशिक्षित रसिकाचे स्थान येथे मोलाचे आहे. गावात त्याच्या शब्दास मान असतो, आणि यात्रेच्या वर्गणीत त्याचा वाटाही असतो. घाटाचा राजा कोण, हे घड्याळ ठरविते. तो राजा म्हणवून घेण्यास पात्र आहे किंवा नाही, हे प्रेक्षकाने ठरवावे. बैलाच्या पाठीवर वळ न उठता जी बारी होईल, तीच पुढच्या चैत्रात पुन्हा पाहावयास मिळण्याची खात्री बाळगता येईल.