कारणाचा रकाना

माझ्या घरी बंदूक आहे, असं सांगितलं की कवितेच्या वर्तुळातले मित्र हसतात. कुणी म्हणतं, "टीकाकारांसाठी ठेवलीय का?" मीही हसतो. पण बंदूक खरोखरच आहे. एकनळी, ठासणीची, आजोबांच्या हातची. सध्या तिचं लायसन्स माझ्या नावावर आहे आणि त्याची मुदत दोन महिन्यांत संपते आहे. नूतनीकरणाचा अर्ज गेले पंधरा दिवस माझ्या टेबलावर पडून आहे. नाव, पत्ता, वय, शिक्षण, व्यवसाय, सगळं भरून झालं. एकच रकाना कोरा राहिला आहे : शस्त्र कशासाठी हवे?

आमचं गाव सिंदेवाही तालुक्यातलं. झाडीपट्टी म्हणतात तो हा मुलूख. एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला जंगल, आणि दोन्हींच्या मध्ये फक्त एक धुरा. दिवाळीच्या सुमारास धान भरात येतं आणि रानडुकरांना त्याचा वास लागतो. एका रात्रीत कळप वर्षाची मेहनत लोळवून जातो. म्हणून जागल. बांधीत चार बल्ल्यांवर माच बांधायचा, खाली शेकोटी पेटती ठेवायची आणि रात्रभर टिनाचा डबा वाजवत राहायचं. आजोबांकडे डब्याच्या जोडीला ही बंदूक होती. पहाटे कधीतरी तिचा बार ऐकू आला की घरात आजी कूस बदलून म्हणायची, "जागे आहेत." लहानपणी मला बंदुकीच्या आवाजाचा अर्थ एवढाच ठाऊक होता : आजोबा जागे आहेत.

तिचा एक बार काढणं म्हणजे लहानसा सोहळाच असायचा. शिंगड्यातली काळी दारू मापानं नळीत ओतायची. वर काथ्याचा बोळा. तो लोखंडी गजानं ठासायचा. मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा ठासणं. शेवटी घोड्याखालच्या तोटीवर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची, घोडा ओढायचा आणि चाप दाबायचा. दारू ओलसर असली तर नुसतंच फुस्स. 'फुसका बार' हा शब्दप्रयोग मी पुस्तकात वाचण्याआधी माचावर बसून शिकलो. आमच्याकडे हिला भरमार म्हणतात. आधी भर, मग मार. भरमार म्हणजे रेलचेल असाही अर्थ आहे, हे शाळेत कळलं तेव्हा मोठी गंमत वाटली होती. कारण एक बार झाला की दुसऱ्याची तयारी होईपर्यंत डुकरं दोन शेतं ओलांडून गेलेली असायची.

बंदुकीपेक्षा मला तिच्या लायसन्सचं पुस्तक जास्त आवडतं. पहिला शिक्का १९६३ चा आहे. आजचा शस्त्र कायदा झाला १९५९ मध्ये आणि अमलात आला १९६२ च्या ऑक्टोबरात. त्याआधीचा १८७८ चा कायदा लॉर्ड लिटनच्या काळातला. त्यानं हिंदी माणसाला शस्त्रासाठी परवान्याची अट घातली आणि गोऱ्यांना मोकळं ठेवलं. आमच्या चांद्यात तर त्याच्या वीस वर्षं आधी, २१ ऑक्टोबर १८५८ रोजी, इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबुराव शेडमाके यांना फाशी दिलं गेलं होतं. अशा मुलखातल्या एका साध्या शेतकऱ्याला स्वतंत्र देशाचं सरकार सही-शिक्क्यानिशी बंदूक ठेवू देतं, याचं आजोबांना फार अप्रूप होतं. नव्या कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेखच आहे. जणू कायदा लिहिताना कुणीतरी आजोबांचा माच पाहून आलं होतं. पुस्तकात कारणापुढे एकच शब्द आहे, पीकसंरक्षण. आजोबांच्या, मग अब्बांच्या आणि २००९ मध्ये अब्बा गेल्यानंतर माझ्या नावापुढेही तोच.

मधल्या काळात जग बदललं. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. शिकार थांबली आणि ते योग्यच झालं. आता पिकाची नासधूस करणारं डुक्कर मारायलाही वनखात्याची परवानगी लागते. ताडोबाच्या जोडीला १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य झालं. अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या लायसन्सदाराला वनखात्याकडे नाव नोंदवावं लागतं, नव्या लायसन्सला तर त्या खात्याची आधी संमती लागते. अब्बांच्या हाती बंदूक आली ती अशी, वाजवायची पण कुणाला लागू द्यायची नाही. ते म्हणायचे, "हिचा आता ढोल झालाय."

वैनगंगेच्या पलीकडे मात्र तिचा ढोल झाला नव्हता. माझी फुफू धानोऱ्याकडे दिलेली. त्या भागात गावठी लोहारानं घडवलेल्या, बिनलायसन्सच्या भरमार पुष्कळ घरांत होत्या. फुफूच्या घरची लायसन्सची होती. नव्वदच्या दशकात एका रात्री जंगलातले लोक आले आणि ती मागून घेऊन गेले. नाही म्हणायची सोय नव्हती. सकाळपासून दुसरा प्रश्न सुरू झाला, बंदूक गेली कुठे? दिलीत की नेली? पुढे वर्षभर फुफा तालुक्याला खेटे घालत राहिले. त्या घरात पुढे टिनाचा डबासुद्धा कुणी वाजवला नाही. गेल्या काही वर्षांत गडचिरोलीतल्या कितीतरी गावांतून लोकांनी आपल्या भरमार स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन केल्या. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी नक्षल चळवळीतला मोठा नेता भूपती यानं साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली. ते दृश्य मी टीव्हीवर पाहिलं. रायफली रांगेनं मांडल्या होत्या. मला फुफांची बंदूक आठवत होती.

आमची बंदूकही एकदा स्वतःहून ठाण्यात गेली होती. डिसेंबर १९९२. आमच्या गावात काहीच घडलं नव्हतं आणि घडण्यासारखंही काही नव्हतं. तरी एका सकाळी अब्बांनी बंदूक चादरीत गुंडाळली. "कुणी मागण्याआधी दिलेली बरी," एवढंच म्हणाले. शेजारचे पाटील दारात बसले होते. त्यांनी विचारलं, "कुठं निघालात?" अब्बांनी सांगितलं. पाटील आत गेले, टोपी घालून आले आणि सोबत चालू लागले. बसमध्ये चादरीचं एक टोक त्यांच्या मांडीवर होतं. पावतीवर साक्षीदार म्हणून त्यांचीच सही आहे. पाच महिन्यांनी बंदूक परत आणायलाही दोघे मिळून गेले. मी तेव्हा विशी ओलांडलेला होतो. त्या बसप्रवासावर कविता लिहायचा मी अनेकदा प्रयत्न केला, अजून जमलेली नाही.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. मे २०२५ मध्ये आमच्या तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. मोहफुलं आणि तेंदूपानाच्या हंगामात आमच्याकडे दरवर्षी अशा बातम्या येतात. पण त्या दिवशी सारा तालुका हबकला होता. रात्री गावाकडच्या एका पोराचा फोन आला. "काका, तुमच्या घरी बंदूक आहे ना?" मी म्हटलं, "आहे." पुढे त्याला काय सांगणार? ती साठ वर्षं जुनी आहे? एक बार झाला की दुसऱ्याला वेळ लागतो? वाघाला कायद्याचं सर्वांत मोठं संरक्षण आहे, आणि ते असायलाच हवं? हे सगळं त्यालाही माहीत होतं. त्याला बंदूक नको होती. कुणीतरी जागं आहे, एवढंच त्याला ऐकायचं होतं. मी फक्त "आहे" म्हणालो आणि फोन ठेवला. त्या रात्री मला स्वतःचीच लाज वाटली. बंदूक माझ्याकडे होती, पण जागलीला मी नव्हतो.

तेव्हापासून तो रकाना मला टोचतो आहे. कारण त्यात लिहायचा शब्द आता खरा राहिलेला नाही. २०२२ मध्ये आमच्या वाटण्या झाल्या आणि माझा हिस्सा मी पुतण्याला देऊन टाकला. मी चंद्रपुरात राहतो. माझं पीक म्हणजे वर्षाला दहा-बारा कविता, आणि त्यांना डुकरांचं भय नाही. मग 'पीकसंरक्षण' लिहायचं कशाच्या जोरावर? 'आठवण म्हणून' असं लिहिता येईल का, हे एका जाणकाराला विचारलं. तो म्हणाला, "आठवणीसाठी वेगळी वाट आहे. कायमची निकामी झालेली, दुरुस्त करूनही उडणार नाही अशी जुनी बंदूक कायद्याच्या बाहेर जाते. नळी बुजवून घ्या, रीतसर कागद करा आणि भिंतीवर टांगा." मुलाला हे फार पसंत पडलं. मला नाही पडलं. तिला जिवंत ठेवायची तर मला खोटं लिहावं लागणार, आणि खरं बोलून घरात ठेवायची तर तिची नळी बुजवावी लागणार. आजोबांच्या दोन ओळखी, त्यांचा खरेपणा आणि त्यांची बंदूक, एकाच अर्जात मावत नव्हत्या.

मग पुतण्याला विचारलं. शेत त्याचं, डुकरं त्याची, तर बंदूकही त्याच्या नावावर करावी. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बडे अब्बा, मी सौर कुंपण लावलंय. बंदूक घरात आली तर पिकाची राखण बाजूला राहील आणि तिचीच राखण करावी लागेल. निवडणूक आली की ठाण्यात जमा करा, मुदत आली की डॉक्टरचा दाखला आणा. आणि फुफूदादीच्या घरी काय झालं ते मी लहानपणापासून ऐकतोय." पोरगं अठ्ठावीस वर्षांचं आहे. मी पंधरा दिवस ज्याच्याशी झगडत होतो, ते त्यानं उभ्या उभ्या मिटवलं.

तेव्हा ठरलं. मी नूतनीकरण करणार नाही. मुदत संपण्याआधी बंदूक ठाण्यात जमा करणार, लायसन्सचं पुस्तक परत करणार आणि त्याआधी त्याच्या पानापानाची झेरॉक्स काढून ठेवणार. आजोबांचा अंगठा, अब्बांची उर्दू वळणाची मराठी सही आणि माझी. दारूचं रिकामं शिंगडं तेवढं घरी राहील. नाकाशी धरलं तर अजून गंधकाचा वास येतो.

ज्यांच्या घरी अशी वडिलार्जित बंदूक आहे, त्यांना मी उपदेश करणार नाही. ज्याचं शेत आहे आणि जो रात्री माचावर बसतो, त्यानं तो रकाना ताठ मानेनं भरावा. मला भरता आला नाही, एवढंच.

येत्या सोमवारी जायचं ठरवलं आहे. पुतण्या गावाहून येतोय. येताना पाटलांच्या नातवालाही घेऊन येतो म्हणाला, पावतीवर साक्षीदार लागेल म्हणून. मी सांगितलं, लागत नसला तरी आण.