दूरध्वनी उचलणारा माणूस
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात बेळगाव येथे दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानासाठी वक्त्याने एखादा भारदस्त विषय निवडावा, अशी रीत आहे. मी मात्र आज थट्टेविषयी बोलणार आहे. नभोवाणीवरून खोटे नाव सांगून कोणाला तरी फोन करावयाचा, त्याला फसवावयाचे, आणि त्याची झालेली फजिती हजारो लोकांना ऐकवावयाची, अशी एक थट्टा अलीकडे रूढ झाली आहे. विषय हलका वाटेल. परंतु त्याच्या ओझ्याखाली माणसे चिरडली गेली आहेत. म्हणून धर्मादाय न्यासाच्या व्यासपीठावर तो मांडणे मला अप्रस्तुत वाटत नाही.

प्रथमच सांगतो की, थट्टेशी माझे वैर नाही. मी शिक्षक आहे. ज्या वर्गात हसू नाही तेथे विद्याही फार दिवस टिकत नाही, हे मी जाणतो. आपल्या लग्नघरांत विहिणी एकमेकींची थट्टा करतात, उखाण्यांत नवऱ्यालाही सोडीत नाहीत. पण या थट्टेला एक मर्यादा असते. जिची थट्टा झाली ती तेथेच बसलेली असते, खेळ चालू आहे हे तिला ठाऊक असते, आणि संध्याकाळच्या आत ती व्याजासकट परतफेडही करू शकते. नभोवाणीवरच्या थट्टेत यातले काहीच नसते. एका बाजूला हसणारा समुदाय आणि दुसऱ्या बाजूला काहीच ठाऊक नसलेला एकटा माणूस, अशी ती विषम लढाई असते.

या लढाईचे एक उदाहरण आपणांपैकी पुष्कळांना आठवत असेल. डिसेंबर २०१२ मध्ये इंग्लंडच्या राजघराण्यातील केंब्रिजच्या डचेस कॅथरिन या गरोदरपणातील तीव्र उलट्यांच्या त्रासामुळे लंडनच्या किंग एडवर्ड सेव्हंथ रुग्णालयात दाखल झाल्या होत्या. ४ डिसेंबरच्या पहाटे ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील एका नभोवाणी केंद्राच्या दोन निवेदकांनी तेथे फोन केला. एकीने राणी एलिझाबेथचे सोंग घेतले, दुसऱ्याने युवराज चार्ल्सचे. त्या वेळी फोन घेणारी नेहमीची नोकर मंडळी कामावर नव्हती, म्हणून एका परिचारिकेने तो उचलला आणि रुग्णाच्या कक्षात जोडून दिला. तेथील दुसऱ्या परिचारिकेने रुग्णाच्या प्रकृतीची थोडी माहिती दिली. संभाषण ध्वनिमुद्रित झाले, प्रसारित झाले, आणि एका दिवसात जगभर हशा पिकला.

७ डिसेंबरला फोन जोडून देणारी ती परिचारिका मृतावस्थेत आढळली. ती ४६ वर्षांची होती, दोन मुलांची आई होती, आणि आपल्याच कर्नाटकाच्या किनारपट्टीशी तिचे नाते होते. तिचा अंत्यविधीही तेथेच, उडुपी जिल्ह्यात झाला. तिचे नाव त्या वेळी जगातल्या सगळ्या वृत्तपत्रांनी छापले. मी ते येथे मुद्दाम उच्चारीत नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये लंडनच्या मृत्यू-चौकशीत ही आत्महत्या असल्याचा निष्कर्ष निघाला, आणि त्या फसव्या फोनचा भार तिच्या मनावर होता, हेही नमूद झाले. अशा मृत्यूमागे एकच कारण असते असे कोणीही ठामपणे म्हणू नये. पण तो भार तिच्या मनावर कोणी टाकला, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

आता नीट पाहा. या थट्टेचा नेम कोणावर होता? राजघराण्यावर. राजघराण्याचे काय बिघडले? काही नाही. राणीचे सोंग घेणाऱ्यांना राणी भेटलीच नाही. भेटली ती पहाटेच्या पाळीवर जागी असलेली एक परिचारिका. थोरांच्या वाड्याला दरवाजा असतो, आणि दरवाज्यावर कोणी तरी साधा माणूस उभा असतो. वाड्यावर फेकलेला दगड लागतो तो त्यालाच. मांजराचा होतो खेळ आणि उंदराचा जातो जीव, अशी म्हण आपल्याकडे आहे. येथे तर उंदराकडे मांजराचे लक्षही नव्हते.

दुसरी गोष्ट अधिक दुःखद आहे. त्या परिचारिकेने काय केले? पहाटे फोन वाजला, तिने तो घेतला. पलीकडून एका वृद्ध आजीने नातसुनेची विचारपूस केली, तिने नम्रपणे तो जोडून दिला. हा दोष म्हणावयाचा की गुण? रुग्णालय चालते, शाळा चालते, आपला हा न्यास चालतो, तो फोन उचलणाऱ्याने पलीकडच्या माणसावर विश्वास ठेवल्यामुळेच. थट्टेखोरांनी तिच्या मूर्खपणाचा फायदा घेतला नाही. तिच्या सौजन्याचा घेतला. तिला जे ओशाळवाणे वाटले असेल, ते तिच्या चांगुलपणाबद्दल होते.

त्या दोघा निवेदकांचा हेतू दुष्ट होता, असे मी म्हणत नाही. कोणी तरी लगेच ओळखून फोन ठेवून देईल, अशीच आपली अपेक्षा होती, असे त्यांनी नंतर सांगितले, आणि ते खरे असावे. मग लोकांचा संताप त्यांच्यावर कोसळला, धमक्या आल्या. त्यांचा कार्यक्रम बंद झाला. दोघांपैकी एकीने चौकशीच्या वेळी लंडनला जाऊन कुटुंबाची क्षमा मागितली. काल जे हसत होते तेच आज दगड मारू लागले. समुदायाच्या हशात आणि समुदायाच्या क्रोधात अंतर फार थोडे असते, हेही यातून शिकण्यासारखे आहे.

पण हेतू चांगला होता एवढ्याने जबाबदारी संपत नाही. कारण तो कार्यक्रम तोंडातून निसटलेला शब्द नव्हता. तो ध्वनिमुद्रित होता. केंद्राच्या वकिलांनी तो ऐकून प्रसारणाला मोकळीक दिली होती. रुग्णालयाशी संपर्क साधण्याचा आपण प्रयत्न केला होता, असे केंद्राने सांगितले. परंतु संमती मिळालेली नसताना कार्यक्रम थांबविला नाही. पुढे हा वाद ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च पीठापर्यंत गेला. केंद्राने परवान्याच्या अटी मोडल्या की नाही हे ठरविताना, संमतीविना केलेले हे ध्वनिमुद्रण व त्याचे प्रसारण हा गुन्हा होता काय, याचा निर्णय नियामक मंडळ करू शकते, असे त्या न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये स्पष्ट केले.

इंग्लंडातही त्यापूर्वी असेच घडले होते. ऑक्टोबर २००८ मध्ये बी.बी.सी.च्या एका कार्यक्रमात दोन नामांकित विनोदवीरांनी अँड्र्यू सॅक्स या ७८ वर्षांच्या नटाच्या फोनवर त्याच्या नातीविषयी असभ्य निरोप ठेवले. तोही कार्यक्रम आधी ध्वनिमुद्रित झालेला होता. पुढे बी.बी.सी.ला दीड लाख पौंड दंड झाला. पण दंड संस्थेने भरला. घरातली अब्रू चव्हाट्यावर आली ती आजोबांची आणि नातीची.

ही परदेशची कथा म्हणून सोडून देता येणार नाही. आपल्याकडे पहिले खाजगी एफ.एम. केंद्र २००१ साली बंगळुरात सुरू झाले, आणि थोड्याच वर्षांत फोनवरची फसवणूक हा अनेक केंद्रांचा आवडता खाऊ झाला. फसणाऱ्याला आपण ‘बकरा’ म्हणतो. शब्द गमतीचा आहे, पण बकऱ्याचे पुढे काय होते ते आपण सर्व जाणतो. आता तर प्रत्येक मुलाच्या खिशातला मोबाईल म्हणजे एक नभोवाणी केंद्रच आहे, आणि त्या केंद्रात वकीलही नाही आणि व्यवस्थापकही नाही. रुग्णवाहिकेच्या १०८ आणि तातडीच्या मदतीच्या ११२ या क्रमांकांवर गंमत म्हणून फोन करणारी मुले आहेत. त्या क्षणी खऱ्या गरजवंताचा फोन ताटकळत राहतो, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसते.

आपल्या पूर्वजांनी हा धोका ओळखला होता. महाभारताच्या मौसलपर्वात यादवकुमार सांबाला गर्भवतीचा वेश देऊन ऋषींपुढे नेतात आणि हिला काय होईल, असे विचारतात. त्या एका टवाळीतून मुसळ जन्मले, आणि ज्यांनी ती टवाळी पाहिलीही नव्हती, त्यांच्यासकट कुळ बुडाले. आमच्याकडे अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात एक प्रसंग आहे. प्रवासात पैगंबरांचा एक सोबती झोपला होता. दुसऱ्याने त्याची दोरी घेतली, तेव्हा तो दचकला. प्रसंग दोरीएवढा क्षुल्लक. परंतु कोणाला असे भयभीत करणे योग्य नव्हे, असा निर्वाळा पैगंबरांनी दिला. दोन परंपरा, दोन कथा. पण थट्टा करणाऱ्याने समोरच्याच्या काळजाकडे पाहावे, ही शिकवण एकच.

मग करावे काय? मी वर्गात मुलांना तीन प्रश्न विचारावयास सांगतो. ज्याची गंमत करतोस, तो शेवटी तुझ्याबरोबर हसेल काय? चारचौघांना ऐकविण्यापूर्वी त्याला विचारले आहेस काय? आणि त्याला तुला उलट उत्तर देण्याची सोय आहे काय? तिन्हींचे उत्तर ‘होय’ असेल, तर खुशाल हसा, मीही हसेन.

संस्था चालविणाऱ्या आपणा मंडळींना एक वेगळी विनंती आहे. आपल्या कार्यालयात, वसतिगृहात, दवाखान्यात जो फोन उचलतो, त्याचा पगार बहुधा सर्वांत कमी आणि त्याचे नाव अहवालात सर्वांत शेवटी असते. कोणती माहिती कोणाला द्यावयाची, खात्री कशी करावयाची, याचा नियम आपण त्याला आधी लिहून द्यावा; रात्रीच्या पाळीला त्याला एकटे सोडू नये. आणि इतके करूनही तो कधी फसलाच, तर त्याच दिवशी, हशा विरण्याची वाट न पाहता, त्याच्याजवळ जाऊन बसावे आणि चूक पद्धतीची होती, तुझी नव्हे, हे त्याला वारंवार सांगावे. लाजेने खचलेला माणूस एकदा सांगितलेले ऐकत नाही.

आणि आपण श्रोते! कोणाची फजिती ऐकून हसू येईल तेव्हा, पलीकडे फोन हातात धरून कोणी तरी अजून उभा आहे, याची आठवण ठेवावी. श्रोता मिळाला नाही तर हा धंदा एक दिवसही चालणार नाही.

 न्यासाचा पुढील प्रवास असाच लोकांच्या विश्वासावर होवो, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.