ट्रकचें वजन आणि मालकाची जबाबदारी

मुरूड तालुक्यांतील आगरदांडा येथें राजपुरी खाडीच्या कांठीं उभें राहिलें म्हणजे पलीकडे दिघी दिसतें. माणसें व गाड्या घेऊन बोट या दोन कांठांमध्यें ये-जा करते. बोटींत भार अधिक झाला तर पाणी तें तत्काळ सांगतें. जहाजाच्या अंगावर भाररेषा काढण्याची सक्ती इंग्लंडांत १८७६ सालीं झाली, ती सॅम्युएल प्लिमसॉल यांच्या खटपटीनें. बंदरांतून माल भरून निघणाऱ्या ट्रकला मात्र अशी रेषा नाहीं. तिच्या जागीं नोंदणी-पुस्तकांतील एक आंकडा आहे, आणि तो पाळण्याचें काम प्रथम वाहतूक कंपनीचें आहे.

हा आंकडा मध्यवर्ती सरकारच्या कायद्याखालीं ठरतो. १९१४ व १९३९ च्या कायद्यांमागून १९८८ चा मोटार वाहन कायदा आला. जुलै २०१८ मध्यें चार टायरांच्या एकेरी आंसावरील मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेण्यांत आली. तरीहि टन-दोन टन जास्त घातल्यानें काय बिघडतें, असें कित्येक मालक विचारतात! अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानांत १९५८ ते १९६० मध्यें मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक चालवून पाहिले. त्यावरून, आंसावरील भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज सुमारें सोळापट होते, असें आढळलें. घाटउतारावर ब्रेकचें काय होतें, हें तर निराळेंच. आणि त्याच उतारावर पुढें सहलीस निघालेलें एखादें कुटुंबहि असतें.

वाटेंत अडविला जातो तो ड्रायव्हर. मालक दूर शहरांत असतो, आणि “मला ठाऊक नव्हतें” हें त्याचें ठरलेलें उत्तर. कायद्याचें ११३ वें कलम येथें मोठें मार्मिक आहे. गाडी हांकणाऱ्याप्रमाणेंच हांकावयास लावणारा व हांकूं देणाराहि त्यांत येतो. आणि ड्रायव्हर स्वतः मालक नसेल, तर हें मालकाच्या माहितीनें किंवा हुकमानें घडलें असें न्यायालयास गृहीत धरतां येतें. २०१९ च्या दुरुस्तीनें दंड वीस हजार रुपये व प्रत्येक जादा टनामागें दोन हजार केला. जादा माल उतरविल्यावांचून गाडी हलूं देत नाहींत. उतरविण्याचा खर्चहि वेगळा. वजन टाळून निघून जाणाऱ्या ड्रायव्हरला चाळीस हजार.

परवाना, विमा, योग्यतेचा दाखला हीं कागदपत्रें बहुतेक कंपन्या सांभाळतात, कारण त्यांवर तारीख असते. वजन मात्र दर खेपेस नव्यानें पाहावें लागतें. वजनकाट्याची पावती हातीं आल्यावांचून बिल्टी लिहावयाची नाहीं, एवढा हुकूम कचेरींतील कारकुनास मालकानेंच द्यावयाचा असतो. ड्रायव्हरला तो अधिकार नाहीं.